खाजाभाई वायरमन नव्हते

आमच्या उमरग्याच्या रुग्णालयाने यंदा एक स्मरणिका काढली आहे. तिच्या एकेचाळिसाव्या पानावर, एका औषध दुकानाच्या जाहिरातीखाली, खाजाभाईंचे छायाचित्र आणि त्याखाली सात ओळी छापल्या आहेत. ‘रुग्णालयाचे मनमिळाऊ वायरमन कै. खाजाभाई शेख’ अशी सुरुवात आहे. आयुष्यभर रोज पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला परस्पर कैलासाला पाठवून देण्याचा हा उद्योग ज्या प्राध्यापकांनी केला, त्यांच्याशी माझे भांडण त्या शब्दावरून नाही. खाजाभाई असते तर तो वाचून पोट धरून हसले असते. माझे भांडण ‘वायरमन’ या शब्दाशी आहे, आणि त्याहूनही अधिक शेवटच्या ओळीशी आहे. ती ओळ अशी: ‘त्यांच्या हातून एकदाच मोठी चूक घडली, परंतु संस्थेने ती उदार अंतःकरणाने पोटात घातली.’

मी या संस्थेचा एकतीस वर्षे व्यवस्थापक होतो. आज अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे, अणदूरला शेतातल्या घरी असतो, डोळे शाबूत आहेत आणि स्मरणशक्तीबद्दल कोणाला शंका असेल त्याने समोर येऊन विचारावे. प्राध्यापक महाशय खाजाभाईंना जेमतेम दोनदा भेटलेले, तेही स्वतःच्या घरचा पंखा दुरुस्त करायचा होता म्हणून. त्यांनी ऐकीव गोष्टी जमवल्या. मी पाहिलेले सांगतो.

खाजाभाई पूर्वी दूरध्वनी खात्यात रोजंदारीवर खांबावर चढत. खात्याला खांबांची गरज उरली नाही तेव्हा ते आमच्याकडे आले. उंचीने बेताचे, अंगात पांढरा सदरा, चष्म्याची काडी तुटलेली आणि ती टेलिफोनच्या निळ्या-पांढऱ्या तारेने गुंडाळून घट्ट केलेली. कमरेला लाइनमनचा जुना फोन लटकत असे. त्याचा आमच्याकडे काडीचा उपयोग नव्हता. एकदा मी विचारले, “हे लोढणे कशाला वागवता?” तर म्हणाले, “साहेब, एका टोकाला म्या खांबावर अन् दुसऱ्या टोकाला गडी. दोघं एकमेकाला ‘येतंय का, येतंय का’ म्हनल्याबिगर आमी कधी खाली उतरलो न्हाय. हे असलं की दुसऱ्या टोकाची याद राहती.”

ही ‘दुसऱ्या टोकाची याद’ म्हणजे खाजाभाई. बाकी तपशील कमी-अधिक झाला तरी चालेल.

आमच्या आवारात दोन इमारती आहेत. जुन्या इमारतीत माझे कार्यालय, आणि त्याशेजारी एका लोखंडी कपाटात रुग्णालयाचा मुख्य संगणक. नव्या इमारतीत तळमजल्यावर क्ष-किरण विभाग, वर शस्त्रक्रियागृह. क्ष-किरणाची चित्रे फिल्मवर काढण्याचे बंद होऊन संगणकावर येऊ लागली, तेव्हा सगळी चित्रे नव्या इमारतीतून एका लांब तारेने कपाटातल्या संगणकात जात आणि डॉक्टरांनी मागितली की त्याच तारेने परत येत. तारेचे एक टोक आमच्या कपाटात, दुसरे नव्या इमारतीतल्या त्या पेटीत, जिला स्विच म्हणतात. मधे एक कडुनिंब आणि त्याच्यावर अगणित खारी.

ज्या कंपनीने हा संगणक बसवला, तिचा माणूस दोन महिन्यांत दिसेनासा झाला. मागे राहिला तो एक काळा पडदा, ज्यावर ना चित्र ना बटण. जे हवे ते इंग्रजी अक्षरांत टंकून सांगायचे. आमच्या सुशिक्षित मंडळींनी त्या पडद्याकडे पाहून पाठ फिरवली. उर्दू माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या खाजाभाईंनी त्या संगणकातच दडलेली मदतीची पाने उघडली आणि ती शब्दकोश घेऊन एका वहीत उतरवायला सुरुवात केली. आठ महिने ते काम चालले. जो मनुष्य हे करतो त्याला वायरमन म्हणायचे असेल, तर मी तलाठी होतो असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या तारेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तिच्यावाचून खाजाभाई समजणार नाहीत. अशा तारेच्या दोन टोकांना दोन यंत्रे जोडली की ती काम सुरू करण्याआधी आपसात बोलणी करतात. एक म्हणते, मला दहाचा वेग जमतो, शंभरचा जमतो, हजारचाही जमतो. दुसरे आपले सांगते. दोघांना जमेल ते सर्वांत चांगले ठरते. शिवाय हेही ठरते की दोघांनी एकाच वेळी बोलायचे की एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे. एकाच वेळी बोलण्याला ‘फुल’ म्हणतात आणि आळीपाळीने बोलण्याला ‘हाफ’. खाजाभाई या सगळ्याला ‘बैठक’ म्हणत. कपाटातला संगणक म्हणजे मुलीकडचे, स्विच म्हणजे मुलाकडचे.

पहिल्याच वर्षी त्या बैठकीत विघ्न आले. तार दिवसातून वीस वेळा तुटे आणि जुळे. सर्वांचे मत पडले की यंत्र बिघडले. खाजाभाईंनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकली, जी काहीही बदलत नाही, केवळ ‘सध्या काय स्थिती आहे’ एवढेच विचारते. मग उठले, आवार ओलांडून नव्या इमारतीत गेले, तिथल्या पेटीला तेच विचारले, परत आले. दुपारपर्यंत नऊ फेऱ्या झाल्या. आमचे शल्यविशारद डॉ. बिराजदार वरच्या खिडकीतून ओरडले, “खाजाभाई, कसली प्रदक्षिणा घालायलाव? कडुनिंबाला नवस बोललाव का?”

“डॉक्टर, तुमी पेशंटाला इचारता का त्याच्या शेजाऱ्याला?” खाजाभाई खालून म्हणाले. “इथं दोघंबी पेशंट हायत.”

निदान असे निघाले की तारेत आतल्या चार जोड्या असतात, त्यांतल्या दोन खारींनी कुरतडल्या होत्या. हजारच्या वेगाला चारही जोड्या लागतात. दोन्ही यंत्रे बैठकीत मोठ्या तोऱ्याने हजार कबूल करत आणि प्रत्यक्षात ते पेलत नसे म्हणून संबंध तोडत. नवी तार अंथरायला मंजुरी नव्हती. तिथे कोणीही यंत्राला दटावून ‘शंभरच चालव, बडबड बंद’ असे सांगितले असते. खाजाभाईंनी तसे केले नाही. त्यांनी बोलणी चालू ठेवली, फक्त आमच्या संगणकाला सांगितले की हजारचे नाव काढू नकोस, शंभरपर्यंत जे जमते ते सांग.

“बैठक मोडायची न्हाय,” ते मला म्हणाले. “ऐपतीबाहेरचं कबूल करायचं न्हाय, बस.”

त्या दिवसापासून तार शंभरच्या वेगाने, फुल, वर्षानुवर्षे चालली.

प्रत्येक बदलानंतर ते वहीच्या कागदाची एक चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. तिच्यावर नेहमी चार ओळी असत. होतं काय. केलं काय. दुसरं टोक काय म्हणतं. कोणी केलं. हात स्वतःचाच असला तरी चौथी ओळ ते कधी गाळत नसत. शिवाय आज्ञा टंकल्यावर ती पक्की करण्याचे बटण दाबण्यापूर्वी ते तिचे अक्षर अन् अक्षर पुटपुटत वाचत. त्यावरून रुग्णालयात दंतकथा पसरली की खाजाभाई यंत्रावर दुआ पढून फुंकतात. प्राध्यापकांनी तीही छापली आहे: ‘त्यांच्या श्रद्धेने यंत्रेही वश होत.’ साफ खोटे. ही कथा कुठून उगवली हे मला ठाऊक आहे. बिदरकडची एक म्हातारी कार्यालयाबाहेर बसली होती. तिने उघड्या दारातून खाजाभाईंचे ओठ हलताना पाहिले आणि लुगडे सावरत थेट आत आली.

“यप्पा, माज्या बी गुडघ्यावर एक फुक मार की.”

“आई, म्या फुकत न्हाय, वाचतोय,” खाजाभाई म्हणाले. “एक अक्षर चुकलं तर डॉक्टरला तुमच्या गुडघ्याजागी दुसऱ्याचाच गुडघा दिसंल.”

म्हातारी विचार करून म्हणाली, “मग वाच बाबा. नीट वाच.” आणि आज्ञा पुरी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

दुसरी दंतकथा याहून प्रतिष्ठित आहे, कारण ती डॉ. बिराजदार स्वतः सांगतात. ते म्हणतात की एकदा सगळे बंद पडले असता खाजाभाईंनी नुसता हात लावून यंत्र सुरू केले. डॉक्टरांविषयी मला आदर आहे. परंतु ते त्या वेळी वरच्या मजल्यावर होते आणि मी खाजाभाईंच्या समोर बसलो होतो. त्यांनी बशीखेरीज कशालाही हात लावला नाही.

झाले असे. संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीचे सोलापूरचे एक अभियंते आमची व्यवस्था ‘सुधारणार’ होते, आणि तेही सोलापुरात बसून, दुरून जोडणी करून. खाजाभाईंनी शंभरची मर्यादा का घातली हे त्यांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, “अहो, आजच्या काळात शंभर? लाज वाटली पाहिजे.” खाजाभाईंनी वाद घातला नाही. काळ्या पडद्यासमोर बसून त्यांनी एक ओळ टंकली, नेहमीप्रमाणे पुटपुटली, पक्की केली आणि मग फोनवर म्हणाले, “करा आता.”

अभियंत्यांनी हजारचा हट्ट धरला. तार तुटली. आणि बाहेरची जोडणी नव्या इमारतीत येत असल्याने सोलापुरातून ते आत शिरले होते ते याच तारेवरून; त्यामुळे त्यांनी स्वतःच्या पायाखालची शिडी स्वतःच काढून घेतली. फोन खणखणला. पलीकडे आवाज फाटला होता. “खाजाभाई, मी बाहेर फेकलो गेलो! काहीतरी करा!”

“काय करायचं न्हाय. च्या घ्या,” खाजाभाई म्हणाले, फोन ठेवला आणि शिपायाला दोन चहा सांगितले.

माझा पारा चढला. नवी इमारत आंधळी झालेली, आणि हा गृहस्थ बशीत चहा ओतून थंड करतो आहे! मी टेबलावर मूठ आपटली. ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, “साहेब, परगावी निघालो की म्या कंडक्टरला आधी इचारतो, परतीची शेवटची गाडी किती वाजता? मग चढतो. ह्या यंत्राला म्या आधीच सांगून ठेवलंय: दहा मिनिटं गप निज, मग उठून जुनं होतं तसं लाव. कुनी काय बी करू दे, दहा मिनिटांनी गाडी परत येती.”

चहा संपला. कपाटातला हिरवा दिवा लागला. नव्या इमारतीतून डॉक्टरांची आनंदाची आरोळी ऐकू आली, आणि त्याच आरोळीतून हात लावण्याची कथा जन्मली.

त्या दिवशी मी ठरवले की ही विद्या आपण शिकायची. माझे वय तेव्हा पासष्टीच्या पुढे होते. हाताखालच्या माणसाकडून शिकण्यात कमीपणा आहे असे मानणारा मी. तरी गुरुवारी दुपारी दार लावून घेऊन शिकलो. खाजाभाई शिक्षक म्हणून कठोर होते. माझे बोट बटणाकडे गेले की म्हणत, “आधी इचारा, साहेब. मग सांगा.”

“मी व्यवस्थापक आहे, खाजाभाई. मी सांगतो, विचारत बसत नाही.”

“माणसांना सांगा. ह्याला इचारा.”

व्यवस्थापक या नात्याने मी त्यांचे प्रवेशाचे नाव आणि परवलीचा शब्दही मागून घेतला. तो त्यांनी दिला. माझे निम्मे शिक्षण झाले होते, आणि निम्म्या शिक्षणाचा अहंकार पुऱ्या शिक्षणाहून दुप्पट असतो.

आता ती ‘एकदाच घडलेली मोठी चूक’.

खाजाभाई तोवर सात वर्षे कंत्राटावर होते. हजेरीपटावर हुद्दा ‘वायरमन, तात्पुरता’, कारण संस्थेच्या हुद्द्यांच्या यादीत त्यांच्या कामाला नावच नव्हते. मी स्वतः प्रस्ताव लिहिला होता: ‘संगणक-जाल पर्यवेक्षक’ असे कायम पद निर्माण करून त्यांना द्यावे. पुढच्या बैठकीत तो मंजूर होणार हे ठरल्यातच जमा होते. खाजाभाई घरी सांगून बसले होते. त्यांची मुलगी शबाना हिच्यासाठी परांड्याचे स्थळ आले होते, आणि मुलाकडच्यांनी विचारले होते की वडील कायम आहेत का. त्या बोलणीसाठी ते एका बुधवारी दुपारी बारा वाजता माझ्याकडे आले. “साहेब, अर्धा दिवस अन् उद्याचा दिवस जाऊ का? दुसऱ्या टोकाला बैठक हाय.” मी म्हणालो, “जा.” अर्ज लिहून घेतला नाही.

अडीच वाजता अध्यक्ष आले. नव्या इमारतीत चित्र उघडायला क्षणभर वेळ लागतो अशी त्यांची कुरकुर होती. मी म्हटले, बघतो. कपाट उघडले, खाजाभाईंच्या नावाने आत शिरलो आणि शिकवल्याप्रमाणे स्थिती विचारली. वेग शंभर. फुल. आणि खाली: बोलणी चालू.

ही शेवटची ओळ मला खटकली. यंत्रांनी आपापसात ठरवायचे आणि व्यवस्थापकाने ते वाचायचे, ही कल्पनाच मला कधी रुचली नव्हती. अध्यक्ष मागे उभे होते. मी टंकले: वेग शंभर, फुल, बोलणी बंद. म्हणजे जे होते तेच मी लिहिले, फक्त हुकूम म्हणून. दिवा क्षणभर मालवला आणि पुन्हा हिरवा झाला. एक लहान चित्र मागवून पाहिले, आले. अध्यक्ष म्हणाले, “वा, साहेब!” मी चिठ्ठी लावली नाही. परतीची गाडी विचारली नाही. आवार ओलांडून दुसऱ्या टोकाला गेलो नाही.

दुसऱ्या टोकाला काय झाले हे मला नंतर कळले. आमचे टोक एकाएकी गप्प झाले. स्विचने विचारले, उत्तर नाही. पुन्हा विचारले, उत्तर नाही. वेग त्याला तारेवरून ओळखता येतो, म्हणून त्याने शंभर धरला. पण समोरच्याला एकाच वेळी बोलणे-ऐकणे जमते की नाही हे सांगितल्याशिवाय कसे कळावे? समोरचा काही बोलत नसेल तर कमीत कमी धरून चालायचे, असा त्यांच्यात नियम आहे. त्याने हाफ धरले. मग एकीकडून धो-धो बोलणे सुरू आणि दुसरीकडे समजूत अशी की माझ्या बोलण्यात हा आडवा येतो आहे. तो आपले वाक्य अर्ध्यावर टाकून देई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. लहानसहान निरोप निभावून जात. मोठे चित्र मात्र कधी पोहोचेच ना. दिवा हिरवाच.

गुरुवारी दुपारी महामार्गावर टेम्पो उलटला. एका बाईच्या मांडीचे हाड मोडले होते आणि आत रक्तस्राव होत होता. डॉ. बिराजदार वर हात धुऊन उभे, आणि पडद्यावर चित्र वरून दोन बोटे उतरून थांबलेले. ते तसेच खाली धावले, क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर चित्र पाहिले, वर धावले, एक गोष्ट विसरली म्हणून पुन्हा खाली गेले. बाई वाचली. तो गुण डॉक्टरांचा. वाया गेलेली वीस मिनिटे माझी.

खाजाभाई संध्याकाळी परांड्याहून उतरले ते स्टँडवरून थेट आले. हातात पेढ्याचा पुडा होता. कपाटात विचारले, आवार ओलांडून पलीकडे विचारले, परत आले. एका ओळीत बोलणी पुन्हा सुरू केली. मग कपाटाच्या दाराकडे पाहिले, जिथे चिठ्ठी नव्हती, आणि मग माझ्याकडे पाहिले. पुडा पुढे केला. “सोयरीक जमली, साहेब.”

चौकशी झाली. सोलापूरच्या त्या अभियंत्यांनी अहवाल दिला की आज्ञा खाजाभाईंच्या नावाने, त्या बुधवारी दिली गेली. वेळ पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. अध्यक्षांना आपण मागे उभे होतो हे आठवले नाही, किंवा त्यांनी आठवून घेतले नाही. त्यांनी मला एकच प्रश्न केला: “खाजाभाई त्या दिवशी रजेवर होते म्हणतात. लेखी अर्ज आहे?”

मी म्हणालो, “लेखी नाही.”

हे उत्तर खरे होते. ज्यांना वाटते की मी कधी खोटे बोललो नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्या दिवशीही मी बोललो नव्हतो.

खाजाभाईंना विचारले तेव्हा ते म्हणाले, “नाव माझं हाय. चिठ्ठी लागली न्हाय, ही चूक झाली.” प्रस्ताव बाजूला ठेवला गेला तो कायमचा. परांड्याच्या मंडळींनी सोयरीक मोडली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण हजेरीपटावरचा हुद्दा ‘वायरमन, तात्पुरता’ असाच राहिला, आणि तोच आज स्मरणिकेत छापून आला आहे. प्राध्यापकांनी तो शब्द रुग्णालयाच्या दप्तरातून घेतला. दप्तरात तो कोणामुळे राहिला, हे मी आता सांगितले.

चौकशीनंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठले. त्यांच्यावर रागावलोच. “तुम्ही सांगितले का नाही? मला का वाचवलेत?” चोरानेच आरडाओरडा करावा तसा माझा आवाज होता.

ते शांतपणे म्हणाले, “तुमी अजून शिकताव की, साहेब. शिकणाऱ्याची चूक शिकवणाऱ्याच्या नावावर.” मग म्हणाले, “पन चिठ्ठी म्या लिवलीय. बघा कवातरी.”

मी त्या दिवशी पाहिली नाही. वर्षभर त्या कपाटाचे दार मी स्वतः उघडले नाही. उघडले तेव्हा ती होती. होतं: शंभर, फुल, बोलणी चालू. केलं: शंभर, फुल, बोलणी बंद. दुसरं टोक: विचारलं न्हाय. चौथी ओळ, ‘कोणी केलं’, आणि तिच्यापुढे कोरी जागा. त्यांनी स्वतःचे नाव लिहिले नव्हते. माझेही नव्हते.

यानंतरही ते पाच वर्षे आमच्याकडे होते. गुरुवारचा माझा धडा त्यांनी एकदाही चुकवला नाही. त्या कोऱ्या जागेचा विषय एकदाही काढला नाही. कधी कपाट उघडताना दार जरा जास्त उघडे ठेवत, एवढेच.

मागच्या आठवड्यात, स्मरणिका हाती पडल्यावर, मी एसटीने उमरग्याला गेलो. तारांचे काम आता पल्लवी नावाची मुलगी पाहते. पदवीधर आहे आणि तिच्या नेमणुकीच्या पत्रावर ‘संगणक-जाल पर्यवेक्षक’ असा हुद्दा आहे. नवी तार केव्हाच अंथरली गेली, पण दारावरच्या चिठ्ठ्या तिने काढलेल्या नाहीत. उलट स्वतःच्या चिठ्ठ्याही त्याच चार ओळींत शेजारी लावते. “सर, ही एकच अर्धी आहे,” ती म्हणाली. “कोणाची, माहीत आहे?” मी खिशातून पेन काढले आणि कोऱ्या जागेत माझे पूर्ण नाव लिहिले. तिने ते वाचले. तिथून अध्यक्षांकडे गेलो. स्मरणिकेत दुरुस्ती छापा म्हणालो. ते म्हणाले, “जाऊ द्या हो साहेब, आता कोणाला काय फरक पडतो?” म्हणून हे लिहिले. ते छापणार नसतील तर दुसरे कोणी छापील. आणि मी लिहिलेले खोटे आहे असे ज्याला वाटते, त्याने कपाटाचे दार उघडून पाहावे.

मी खाजाभाईंना शेवटचे पाहिले ते उमरग्याच्या स्टँडवर. छातीचे दुखणे वाढले होते आणि शबाना त्यांना परांड्याला घेऊन चालली होती. मी मुद्दाम गेलो होतो. मनात वाक्य तयार होते, अणदूरपासून घोकत आणले होते. त्यांनी मला पाहिले, कपाळाला हात लावला. गाडी लागली होती. मी म्हणालो, “खाजाभाई, त्या चिठ्ठीचे...”

“व्हय?” म्हणून ते थांबले. चष्म्याच्या तारेवर हात ठेवून त्यांनी कान पुढे केला. खांबावरून दुसऱ्या टोकाचा आवाज ऐकावा तसा. लोक चढत होते, ढकलत होते. शबाना दारातून हाक मारत होती.

मी म्हणालो, “तुम्ही परत आल्यावर बोलू.”

“बरं,” ते म्हणाले. जराही रागावले नाहीत. मग वळून, पायरीवर एक पाय ठेवून, त्यांनी कंडक्टरला विचारले, “परतीची शेवटची किती वाजता हाय?”

“चाचा, अजून बसला न्हाईत अन् परतीचं इचारताव?” कंडक्टर हसून म्हणाला. “साडेचारला हाय.”

त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला, गुडघ्यावर ठेवून त्यावर साडेचार असे लिहिले, घडी घालून तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला, आणि निश्चिंतपणे आत जाऊन खिडकीशी बसले.